कॅमेऱ्यावरचं झबलं

माझी पोरगी जेवत नव्हती. गोष्ट एवढीच, आणि एवढ्याच गोष्टीने माझं डोकं फिरलं होतं. पंधरा महिन्यांची झाली तरी वजन साडेसात किलोवर अडून बसलेलं. तोंडाजवळ चमचा नेला की ओठ घट्ट मिटायची, मान फिरवायची. बळजबरीने घास घातलाच तर गालात धरून बसायची आणि अर्ध्या तासाने तो जसाच्या तसा फरशीवर टाकायची. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, महिनाभर वाट पाहू, वजन वाढलं नाही तर भरती करून सगळ्या तपासण्या कराव्या लागतील. एवढ्याशा मनगटात सुईसाठी शीर शोधत बसलेली नर्स सारखी माझ्या डोळ्यांसमोर यायची.

आणि मी रोज अकोल्याला. राहणं अमरावतीला, नोकरी अकोल्याला, मधे अप-डाउन; आमच्याकडे अर्ध्या नोकरदारांचं आयुष्य या एका शब्दात संपतं. माती तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळेत मी काम करते. शेतकरी पिशवीत आपल्या वावरातली माती घेऊन येतात, आम्ही तिच्यात नत्र किती, स्फुरद किती, पालाश किती ते सांगतो. कुठल्या तरी गावच्या काळ्या मातीत काय कमी आहे ते मला नेमकं कळायचं आणि माझ्या घरातल्या लेकराने दुपारी दोन घास खाल्ले की चार, ते कळायचं नाही. सकाळी सातला घर सोडायचं, बडनेऱ्याला गाडी धरायची, संध्याकाळी सातला परत. नवरा परतवाड्याला शिक्षक, त्याची बस सकाळी नऊची. सासूबाई चांदूर रेल्वेला, सासरे अंथरुणाला खिळलेले, त्यांना टाकून त्या येणार कशा? माझी आई तर पोरीचं तोंडही न पाहता गेली. बदलीचा अर्ज मी दोनदा दिला होता आणि दोन्हीही कुठेतरी सुखाने झोपले होते.

अशात मावशी मिळाली. दर्यापूरकडची, पन्नाशी ओलांडलेली. नवरा होता तोवर बाजारात पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन बसायची. पुढे गुडघे गेले, दिवसभर एका जागी बसवेना, म्हणून लेकरं सांभाळायला लागली. आवाज भरडा, आणि बोलणं असं की पुण्याच्या माणसाला वाटेल बाई भांडायलाच आली. पहिल्याच दिवशी तिने माझ्या लेकीला उचललं, बगलेत हात घालून जोखलं आणि म्हणाली, पोट्टीची हाडं लागून राहिली हाताले. मला रागच आला. मी काय मुद्दाम उपाशी ठेवली होती? पण राग गिळला, कारण गरज माझी होती.

पहिले दोन दिवस मी रजा टाकून घरीच थांबले. मावशीने ज्वारीच्या कण्या शिजवल्या, त्यात ताक घातलं, स्वयंपाकघराच्या फरशीवर एक पाय लांब करून बसली आणि पोरीला त्या पायावर टेकवलं. मी समोर स्टुलावर. पोरीने नेहमीसारखं तोंड मिटलं. कंटाळून मी आंघोळीला गेले आणि पंधरा मिनिटांनी आले तर वाटी रिकामी. आधी मला वाटलं, हिने मोरीत ओतलं. मग पोरीच्या हनुवटीवर कण्या दिसल्या, पोट टम्म लागलं हाताला, आणि मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसले. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

कॅमेऱ्याची कल्पना नवऱ्याची. पण मी लगेच हो म्हटलं, त्यामुळे त्याच्यावर ढकलून मोकळी होणार नाही. बैठकीच्या खोलीत, स्वयंपाकघराचं दार, समोरची फरशी आणि पलंग दिसेल असा तो बसवला. मावशीला सांगितलं, चोरांसाठी आहे. भरदिवसा घरात माणूस असताना कसला चोर, हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती. तिने एकदा वर पाहिलं, पदर सारखा केला आणि बरं म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात न बसता बाहेर, कॅमेऱ्यासमोर येऊन पोरीला भरवू लागली. मीच तसं सांगितलं होतं, तिथे वारा येतो म्हणून. किती थापा मारल्या मी त्या बाईला, आता आठवलं की माझीच मला चीड येते.

त्यानंतर माझं जगणं फोनच्या त्या चौकोनात सुरू झालं. प्रयोगशाळेत नमुने गाळत ठेवायचे आणि खिशातून फोन काढायचा. डबा खाताना फोन. गाडीत फोन. मूर्तिजापूर यायच्या आधी हमखास चित्र अडकायचं. पोरगी पलंगाच्या कडेला एक हात वर करून उभी, आणि तशीच. ती पडली, उतरली, की मावशीने धरली, ते मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत कळायचं नाही. ती आठ-दहा मिनिटं मी कशी काढायची ते माझं मला ठाऊक. उडी मारून जाता येत नाही, हाक मारता येत नाही, नुसतं बोटाने पडदा घासत बसायचं.

गाडीत आमचा सात-आठ बायकांचा ठरलेला कंपू होता. कोणी शाळेत, कोणी बँकेत, कोणी कचेरीत. भाजी निवडणं, सुनांची गाऱ्हाणी, मुलींची स्थळं, सगळं बडनेरा ते अकोला या वेळात उरकायचं. माझ्या फोनमधली मावशी हळूहळू सगळ्यांची झाली. फोन या हातातून त्या हातात फिरायचा. बघू, आज काय केलं तुझ्या बाईने? अगं, ती टीव्ही पाहते. अगं, तिने पोरीचं बिस्कीट स्वतः खाल्लं. खिडकीजवळ बसणाऱ्या एक शाळेच्या मॅडम होत्या, वयाने सगळ्यांत मोठ्या, त्यांचा शब्द शेवटचा. त्या चष्मा कपाळावर सरकवून फोन नाकाशी धरायच्या आणि मावशीला मार्क द्यायच्या. मला हे खटकायचं का? खरं सांगते, नाही. उलट बरं वाटायचं. एकटीने पाहण्यापेक्षा आठ जणींनी पाहिलं की जबाबदारी आठ जणींची झाली असं काहीतरी वाटत असावं.

त्या कॅमेऱ्यातून बोलताही यायचं. एका दुपारी मावशीने चमचा पोरीच्या तोंडाशी नेला, कण्यांतून वाफ निघत होती, आणि मला राहवलं नाही. मी प्रयोगशाळेतून जोरात म्हटलं, मावशी, फुंकर घाला, गरम आहे ते. पोरगी दचकली. आईचा आवाज आला आणि आई नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं, रांगत दाराशी गेली, दार बडवू लागली. मग रडून रडून खाल्लेलं सगळं ओकली. मी इकडून बाळा, बाळा करत होते आणि प्रत्येक हाकेला ती आणखी मोठ्याने रडत होती. शेवटी मावशीने वर पाहून हात जोडले, गप्प बसा म्हणून. माझ्या लेकीला शांत करायचं असेल तर मी गप्प बसणं हाच उपाय होता.

त्या संध्याकाळी मावशी चपला घालता घालता थांबली. म्हणाली, "बाई, एक सांगू का? लेकराले जेवतानी कोणी पाहू नाही. अन् मायची दृष्ट तं साऱ्यात जल्दी लागते. तुमी तेवढा टाइम पाहू नोका."

झालं. माझं टाळकं सटकलं. आमच्या घरात हा विषय चालत नाही. माझ्या आजोबांनी देव, दृष्ट, अंगारे, लिंबू-मिरच्या, सगळं एका दिवसात घराबाहेर काढलं आणि बुद्धविहाराची वाट धरली. वडिलांनी आम्हा भावंडांच्या गालाला काजळाचं बोटसुद्धा कोणाला लावू दिलं नाही. त्यांनी शिकवलं म्हणून मी आज मातीच्या परीक्षा करते. तेव्हा मी मावशीला उभ्या उभ्या दहा मिनिटं व्याख्यान दिलं. नजरेने कोणाचं काही होत नसतं, शिकलेल्या घरात असलं बोलायचं नाही, माझ्या मुलीच्या डोक्यात हे भरायचं नाही. बोलले त्यात चूक काही नव्हतं, दृष्ट मी आजही मानत नाही. पण बोलण्याचा तोरा असा होता की मावशीने मान हलवली आणि पुन्हा त्या विषयावर तोंड उघडलं नाही. मला वाटलं, पटलं तिला.

दुसऱ्या दिवशी पाऊण वाजता फोनचा पडदा अंधारला. आधी वाटलं वीज गेली. मग नीट पाहिलं तर काळोख नव्हता, पिवळट काहीतरी होतं, त्यावर बारीक बदकं. माझ्या लेकीचं झबलं. कॅमेऱ्यावर झबलं टाकलं होतं. सव्वा वाजता ते निघालं तेव्हा पोरगी पलंगावर गाढ झोपलेली आणि मावशी शेजारी भिंतीला पाठ लावून बसलेली. पोरगी चार वाजता उठली. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्याही दिवशी तेच. पाऊण ते सव्वा झबलं, मग तीन तास झोप.

विचारायला हवं होतं. सरळ विचारायचं, मावशी, हे काय? पण ती चिडून निघून गेली तर? दुसऱ्या दिवशी मी पोरीला दिवसभर कोणाच्या हातात देणार होते? म्हणून मी गप्प बसले, आणि मनात मात्र नको नको ते रांधू लागले. मारत असेल. कोंबत असेल. संध्याकाळी पोरीचे कपडे काढून तिचं अंग उलटसुलट करून पाहायची, कुठे वळ आहे का. काही नसायचं, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहायची.

गाडीत मात्र मी बोलले. खिडकीतल्या मॅडमनी भाजीचं निवडणं थांबवलं. म्हणाल्या, "चांगलं काम कोणी झाकून करते का? अन् तीन तास झोपते म्हणजे काय? पहिले कापूस वेचाले जाणाऱ्या बाया लेकराले अफू चाटवत होत्या. दिवसभर उठत नव्हतं लेकरू."

समोरच्या दोघी हो हो करू लागल्या, त्यांनीही ऐकलं होतं, कोणाच्या आजीने पाहिलं होतं. अकोला येईपर्यंत ती शंका नव्हती राहिली, खात्री झाली होती.

नवऱ्याने दुसरा कॅमेरा आणला, आगपेटीएवढा. तो आम्ही स्वयंपाकघरातल्या फ्रिजवरच्या प्लॅस्टिकच्या फुलांत लपवला. पहिला कॅमेरा झाकल्यावर मावशी पोरीला घेऊन आत जात असणार, हे मी ताडलं होतं. त्या दिवशी प्रयोगशाळेत तपासणीला वरिष्ठ आलेले, दिवसभर मान वर करायला सवड नाही. संध्याकाळी गाडीत बसल्यावर मी ते चित्रण उघडलं. सातही जणी माझ्या खांद्यांवर वाकल्या.

मावशी फरशीवर बसली होती. पोरगी तिच्या लांब केलेल्या पायावर. मावशीने कमरेची पुरचुंडी काढली, एका लहानशा सहाणेवर दुधाचे थेंब टाकले आणि काहीतरी उगाळलं. एक काढलं, दुसरं उगाळलं. मग करंगळीच्या शेजारच्या बोटाने ते उचललं आणि पोरीच्या जिभेवर लावलं. पोरीने चाटलं. पुन्हा लावलं, पुन्हा चाटलं.

पाहिलं? मॅडम म्हणाल्या. मग सगळ्या एकदम बोलू लागल्या. पोलिसांत द्या. नको, आधी घरातून काढ. पुरावा ठेव, ग्रुपवर टाक, उद्या ती नाकबूल करेल. मी ती बारा सेकंदं कापून वेगळी केली आणि आमच्या अप-डाउनच्या ग्रुपवर पाठवली. एकदा बोट दाबलं, एवढंच. त्यात मावशीचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

घरी पोचले तेव्हा पोरगी मावशीच्या कडेवर होती. मी ती हिसकावूनच घेतली. विचारलं, रोज दुपारी तुम्ही हिला काय चाटवता? मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग हळूच वर फ्रिजकडे, मग पुन्हा माझ्याकडे. विचारलं नाही की तुम्हाला कसं कळलं. तिने पुरचुंडी ओट्यावर सोडली. मुरडशेंग, वेखंड, हळकुंड, खारीक, बदाम, जायफळाचा तुकडा. प्रत्येक वस्तू वेगळी मांडली, बाजारात वाटे मांडतात तशी. म्हणाली, घुटी हाय, हिनं भूक लागते. झोप लागते ते पोट भरलं म्हणून. आणि झबलं का टाकता, हे मी विचारलं तेव्हा तिने खाली पाहिलं. तुमाले सांगतलं होतं तं तुमी रागावल्या, म्हणून न सांगता टाकत होती, म्हणाली.

एवढ्यावर थांबायला काय झालं होतं मला? पण नाही. मी ते सगळं पुन्हा बांधून घेतलं आणि डॉक्टरांना दाखवते म्हटलं. ती चपला घालून गेली.

त्याच रात्री दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पुरचुंडी उलगडून पाहिली आणि हसले. जायफळ जपून वापरा म्हणाले, बाकी आपल्या सगळ्यांच्या आज्यांनी दिलं तेच आहे. मग पोरीला काट्यावर ठेवलं. सात किलो नऊशे. त्यांनी आधीचा कागद काढून पुन्हा पाहिला. भरतीची गरज नाही, जे करता आहात ते चालू ठेवा, म्हणाले. मी दवाखान्यातच रडायला लागले. नवरा म्हणाला, आता काहून रडतेस? त्याला काय सांगू? येताना मी मनाशी शंभर वेळा घोकलं की सकाळी मावशीचे पाय धरायचे. गाडीतल्या बायकांना काय पाठवलंय हे त्या आनंदात मी साफ विसरले होते.

सकाळी मावशी आली नाही. पावणेसात झाले, सात झाले. फोन उचलेना. गाडी चुकली. आठला तिच्या सुनेने फोन उचलला आणि काय झालं ते सांगितलं. ती सून धुणंभांडी करते, आणि त्या घरांपैकी एक घर खिडकीतल्या मॅडमचं. मॅडमनी रात्रीची भांडी घासायला आलेल्या तिला बोलावून फोन दाखवला होता. बघ, कशा बाया असतात, लेकरांना अफू चाटवतात, तुझ्या ओळखीत कोणी लेकरू ठेवणार असेल तर सांगून ठेव. सुनेने आपल्या सासूला ओळखलं. हातातलं भांडं धुऊन ठेवलं आणि घरी आली. तोवर मावशीच्या गल्लीतल्या आणखी दोन घरी तो व्हिडिओ पोचला होता. आमच्या मायले लोक अफूवाली म्हणून राहिले, सून म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर बरं झालं असतं.

मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, मला काय ठाऊक ती तिची सासू आहे, मी तर चांगल्यासाठी दाखवलं. खरंच होतं त्यांचं. मी ग्रुपवर लिहिलं की ती घुटी होती, माझा गैरसमज झाला, व्हिडिओ पुसून टाका. दोघींनी अंगठा दाखवला. त्याखाली लगेच कोणीतरी विचारलं, उद्या गाडी वेळेवर आहे का.

चार दिवस मी घरी होते. त्या चार दिवसांत माझ्या पोरीने काय खाल्लं ते हाताच्या बोटांवर सांगता येईल. कण्या मीच शिजवल्या, ताकही तसंच घातलं. घुटीही उगाळली, हो, मी उगाळली, शास्त्र गेलं चुलीत. पोरीने बोट तोंडातून ढकललं. मग मी तो व्हिडिओ काढला आणि पाठासारखा पाहिला, चाळीस वेळा तरी. मावशी कुठला पाय लांब करते, बोट कसं धरते, कुठल्या बाजूने लावते. तशीच फरशीवर बसले, तसाच पाय लांब केला. पोरीने माझ्या पायावर बसून घेतलं, इकडेतिकडे शोधलं आणि ओठ मिटले. नवऱ्याने टीव्ही लावून पाहिला, चमच्याचं विमान करून पाहिलं, मग चमचा ताटात आपटून बाहेर निघून गेला. मी तिच्यावर ओरडले. एवढ्याशा जिवावर ओरडले, मग तिला छातीशी धरून माफी मागत बसले. तिला दोन्हीतलं काही कळलं नसणार.

पाचव्या दिवशी दोन्ही कॅमेरे काढून खोक्यात भरले, पोरीला घेतलं आणि रिक्षाने मावशीच्या घरी गेले. दोन खोल्या, दारात सांबाराचा आणि पालकाचा लहानसा वाफा. सून दारात आली, मला पाहून बाजूला झाली, या म्हणाली नाही. मावशी आत भाकरी थापत होती. माझ्या पोरीने तिला पाहिलं आणि माझ्या हातांतून इतकी जोरात झेप घेतली की मी तोल जाऊन पडणारच होते.

मावशीने हात धुतले, पोरीच्या बगलेत हात घालून तिला उचललं आणि थबकली. कितीक दिवस झाले हिनं खाल्लं नाही, विचारलं तिने. मी सांगितलं. तिने सुनेला भाकर दुधात कुस्करायला सांगितलं आणि मला म्हणाली, तुमी भाईर बसा.

मी बाहेर ओट्यावर बसले, दाराकडे पाठ करून. सून आत-बाहेर करत होती, गल्लीतल्या दोन बायका माझ्याकडे टक लावून उभ्या होत्या. आतून मावशीचा भरडा आवाज येत होता, वाटीवर चमचा घासल्याचा आवाज येत होता. मागे वळून पाहायचा मोह किती झाला, पण हिंमत झाली नाही. बऱ्याच वेळाने सुनेने वाटी आणून माझ्यासमोर दाराशेजारच्या मोरीत घासली. रिकामी होती.

आत गेले तेव्हा पोरगी मावशीच्या मांडीवर पेंगत होती. मी खाली बसले आणि सगळं बोलून टाकलं. चुकलं माझं. माझी अक्कल गेली होती. कॅमेरे काढले, घरात आता काही नाही, तुम्ही या. वजन वाढलं होतं मावशी, तुमच्यामुळे वाढलं होतं, आता पुन्हा उतरेल. तुम्ही नाही आल्या तर तिला भरती करावं लागेल. मी हात जोडले. कोणापुढेही जोडले असते.

मावशी पदराने पोरीचं तोंड पुसत होती. म्हणाली, "काढले असन, बाई. मी खोटं नाही म्हनत. पन आता तुमच्या घरी मी पोट्टीचा मुका जरी घेतला तरी मले वाटन, कोणी पाहून राहिलं. हात उचलत नाही माहा. नाही जमत मले."

मी म्हटलं, मी त्या सगळ्या बायकांना घेऊन येते, तुमच्या गल्लीत उभं करते, त्यांच्या तोंडून सांगायला लावते.

"काय सांगतीन त्या?" मावशी म्हणाली. "त्यायनं माहं बोट पाह्यलं. पोट्टी हासून राहिली होती, ते कोणी पाह्यलं का?"

चाळीस वेळा पाहिलेल्या त्या बारा सेकंदांत माझी लेक हसत होती की नव्हती, मला आठवेना.

मग इथे तरी आणत जाऊ का, मी विचारलं. मावशीने सुनेकडे पाहिलं. सून म्हणाली, नोको ताई, यायले नोको आहे, अन् गल्लीत पुन्हा बोलनं होते. यायले म्हणजे तिच्या नवऱ्याला. मावशीने तिचं बोलणं खोडलं नाही. झोपलेली पोर तिने माझ्या खांद्यावर दिली, मान नीट टेकवली आणि पुन्हा भाकरीच्या परातीशी जाऊन बसली.

रिक्षात मी एका हाताने पोरीला धरून दुसऱ्या हाताने फोन काढला. मावशीचं बोट जिभेला लागतं, पोरगी चाटते, आणि वर मावशीच्या तोंडाकडे पाहून हसते. पुन्हा लागतं, पुन्हा हसते. बाराही सेकंदं हसत होती. पुढचे दोन दातसुद्धा दिसत होते.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, येते का? मी मानेनेच नाही म्हटलं. संध्याकाळी भाकर दुधात कुस्करली, मावशीच्या घरी केली होती तशी, आणि पोरीला घेऊन फरशीवर बसले. तिने दाराकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली. मग माझ्याकडे वळली आणि ओठ घट्ट मिटून घेतले.